आग इथे ठेवून जा

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणं मला माहीतच नाही. आलापल्लीच्या सागवनाला लागून एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे. तिथून जंगलात जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी पळसाच्या पानांनी शाकारलेला एक मांडव आहे आणि उन्हाळाभर मी त्या मांडवात असते. माझ्या मागे बांबूला एक फळी बांधलेली आहे. तिच्यावर चुन्याने लिहिलं आहे : ‘आग इथे ठेवून जा.’ पहाटे लोक येतात, माझं झाकण उघडतात, आपापली माचिस माझ्यात टाकतात आणि जंगलात जातात. ते परत येईपर्यंत माझ्या पोटात काड्याच काड्या असतात. वरून चैत्राचं ऊन पत्रा तापवतं. अशा वेळी माझा जीव कसा टांगणीला लागत असेल, याचा तुम्हीच विचार करा.

पण मित्रांनो, मी काही माचिशी सांभाळायला जन्मले नव्हते. बल्लारपूरच्या एका कारागिराने पत्रा कापून, कडा दुमडून, ठोकून ठोकून मला घडवलं. वर हिरवा रंग दिला आणि झाकणावर एक गुलाबी फूल काढलं. ते फूल कोणतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग एका बसच्या टपावर बांधून मला आलापल्लीच्या बाजारात आणलं. तिथे सोमारीबाईने मला उचलून पाहिलं, कडी लावून पाहिली, काढून पाहिली आणि डोक्यावर घेतलं. तिची मुलगी करिश्मा आश्रमशाळेत निघाली होती. आमच्या भागात आश्रमशाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ अशी एक पेटी असते.

ते माझे सुखाचे दिवस. शाळेच्या लांबलचक खोलीत भिंतीशी आम्ही पेट्या ओळीने मांडलेल्या असायचो. माझ्यात करिश्माचे दोन गणवेश, साबणाची वडी, खोबरेल तेलाची बाटली, आरशाचा एक तुकडा आणि आईने दिलेले भाजलेले चणे असत. घरची आठवण आली की करिश्मा माझ्यावर बसून रडायची आणि रडून झालं की चणे खायची. बाईंनी एकदा सगळ्या मुलींना बोलावून मला उघडून दाखवलं आणि ‘पेटी अशी लावायची असते’ असं सांगितलं. मी त्या दिवशी किती फुगले होते म्हणून सांगू!

पुढे करिश्मा मोठी झाली. अहेरीला कॉलेजात जाताना तिने पाठीवरची बॅग घेतली आणि मी घरी खाटेखाली गेले. सोमारीबाईने माझ्यात काही दिवस भोपळ्याचं बी ठेवलं. मग तेही काढलं. एका कोंबडीने माझ्या उघड्या पोटात अंडी घातली. माझी एक बिजागरी गंजली. रिकामं पडून राहणं फार वाईट असतं, मित्रांनो. दाराशी पाऊल वाजलं की मला वाटायचं, आता कोणीतरी मला ओढून बाहेर काढेल. कोणी काढत नसे.

मग एका वर्षी मोठा वणवा आला.

आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात मोहफुलं गळतात. गावदेवाला पहिली फुलं वाहिली की सगळं गाव पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातं. पण झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा थर असतो आणि त्यात फुलं दिसत नाहीत. म्हणून पूर्वीपासून लोक झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करत. एरवी तो तिथल्या तिथे विझायचा. त्या वर्षी वाऱ्याने ठिणगी उचलली आणि टेकडीवर नेली. कोणाच्या झाडाखालची ती आग होती हे कधी कळलं नाही. घरात असूनही मी तापले. उघड्या दारातून राख येऊन माझ्यात पडत होती. बाया ओल्या फांद्यांनी आग झोडपत होत्या, पुरुष पाला ओढून जमीन उघडी करत होते आणि लहान मुलं खोकत होती. टेकडीवरचा कोवळा बांबू गेला, तेंदूची झुडपं गेली, मोहाची झाडंही करपली. त्या हंगामात कित्येक घरांच्या टोपल्या रिकाम्या राहिल्या.

पाऊस येऊन गेला आणि मग गोटूलपुढे, म्हणजे गाव जमतं त्या सामायिक घरापुढे, ग्रामसभा बसली. करिश्मा शिक्षण पुरं करून घरी आली होती. तिला ग्रामसभेच्या वणवा समितीत घेतलं होतं. वनरक्षक धनराज आला होता. त्याने सरकारी नियम पुन्हा एकदा समजावून सांगितले. फेब्रुवारी अर्धा सरला की पाऊस येईपर्यंत जंगलात कसलीही आग लावायची नाही. शेकोटी नाही, चूल नाही, बिडीही नाही. आग अडवायला पाला जाळून मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढायची ती त्याआधी आणि वनखात्याची माणसं हजर असताना. जंगलाला लागून शेत असेल आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, जाळायचा असेल तर आधी परवानगी घ्यायची आणि पाणी व माणसं जवळ ठेवूनच जाळायचा.

“कागदावरचा नियम आमाले मालूम हाय,” ग्रामसभेचे अध्यक्ष जंगूभाऊ म्हणाले. “पन खिशात माचिस असली का हात जातेच. मी सोताचंच सांगून राह्यलो.”

लोक हसले. पण त्यातूनच गावाचा स्वतःचा नियम निघाला. मोहाखालचा पाला खराट्याने झाडायचा आणि जंगलात जाताना माचिस वेशीवरच ठेवायची. ठेवायची कशात? करिश्मा उठली, घरी गेली, खाटेखालून मला ओढलं, झटकलं आणि सभेत आणून ठेवलं. इतकी माणसं माझ्याकडे बघत होती की माझी गंजलेली बिजागरीसुद्धा कुरकुरायची विसरली.

मी कामाला लागले. करिश्मा पहाटे मला डोक्यावर घेऊन मांडवात यायची आणि ऊन चढलं की मला घरी न्यायची. पत्रा तापू नये म्हणून माझ्यावर ओलं पोतं टाकायची. लोक कुरकुरत पण माचिस देत. सगळ्यात जास्त कुरकुर सुकलूमामाची. सुकलू म्हणजे गावातला सर्वात मोठा बिडीबहाद्दर. त्याची माचिस लगेच ओळखू यायची, कारण तिला लाल रबर गुंडाळलेलं असे. ती टाकताना तो रोज म्हणायचा, “हे घे बाई, माही जान ठेवतो तुह्या पेटीत. जपून ठेवजो.”

“जान नेयाले लवकर ये मंग, मामा,” करिश्मा म्हणायची.

एकदा जीपमधून काही पाहुणे आले. नदीच्या रेतीवर शेकोटी करून कोंबडी भाजायचा त्यांचा बेत होता. “आमच्याकडे परवानगी आहे,” असं त्यांनी सांगितलं. करिश्माने धनराजला फोन लावला. “ती विश्रामगृहात मुक्काम करायची परवानगी आहे,” धनराज म्हणाला. “शेकोटीची नाही. या दिवसांत ती कोणालाच मिळत नाही.” पाहुण्यांची तोंडं उतरली. त्यांनी लायटर माझ्यात टाकलं. शेवटी सोमारीबाईने अंगणातल्या आपल्या चुलीवर त्यांना कोंबडी रांधून दिली. चूल विझवून, राखेवर पाणी मारून ती म्हणाली, “आता नदीवर जाऊन चांदण्या पाहा. त्याले आग लागत नाई.” जाताना एका मुलीने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपलं आता सगळं छान चाललं आहे.

मित्रांनो, नेमकं तेव्हाच काहीतरी बिघडतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. मांडवाची पानं फडफडत होती. लोक गेले, लोक आले, टोपल्या खाली ठेवून घाम पुसत ज्याने त्याने आपली माचिस उचलली. ऊन चांगलंच चढलं. वाट सुनसान झाली. करिश्माने मला उचललं आणि माझ्या पोटात खडखड असा आवाज झाला. तिने झाकण उघडलं. तळाशी लाल रबराची माचिस एकटीच पडली होती.

 ती मला डोक्यावर घेऊन सुकलूच्या घरी गेली. त्याची बायको बुधरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. ती आज जवळच्याच झाडांखाली फुलं वेचून आली होती. सुकलू एकटाच टेकडीपलीकडे गेला होता.

“मामी, मामा आला का?”

“नाई ना. गेला असन तिकडूनच पोरीकडे. नातू झाला तवापासून त्याचं असंच हाय. न सांगता जाते अन् संध्याकाळी येते.”

करिश्मा घरी आली. सोमारीबाईने तिला जेवायला वाढलं. तिने घास उचलला आणि खाली ठेवला. मी कोपऱ्यात होते आणि माझ्या पोटात ती माचिस होती. मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा पेट्यांना ओरडता कुठे येतं?

“काऊन जेवत नाई?” सोमारीबाईने विचारलं.

“माय, मामा बिडीशिवाय पोरीकडे गेला कसा?”

 करिश्माने हात धुतला, मला उचललं आणि ती जंगूभाऊंकडे पळाली. त्यांचं घर त्याच टोल्यात, पण पळताना मला ते फार लांब वाटलं. जंगूभाऊंनी सुकलूच्या मुलीच्या गावी फोन लावला, तर लागेना. दसरू नावाचा तरणा गडी मोटरसायकल घेऊन गेला आणि परत आला. सुकलू तिकडे गेलाच नव्हता.

“ऊन जरा उतरू दे,” कोणी म्हणालं. “आता जंगल भट्टीसारखं तापलं हाय.”

“ऊन उतरलं तं दिसन कसं?” करिश्मा म्हणाली. “मशाली पेटवता येनार हायेत का आपल्याले?”

 माणसं उठली. धनराजही आला. आमच्या जंगलात अस्वलं आहेत, वाघ आहे, म्हणून आवाज करतच जावं लागतं. कोणी थाळी घेतली, कोणी डबा. करिश्माने मला दसरूच्या खांद्यावर दिलं आणि एका काठीने माझ्या पाठीवर मारायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड! माझा पत्रा चेपत होता, रंगाचे पापुद्रे उडत होते आणि पोटातली माचिस उड्या मारत होती. मला दुखत होतं. पण मित्रांनो, मला वाटत होतं, आणखी जोरात मार, करिश्मा. मला तोंड नाही, तर पाठीने तरी ओरडू दे.

टेकडी ओलांडली. “सुकलूऽऽ” अशा हाका चालल्या होत्या, पण वारा त्या भलतीकडेच नेत होता. एका कोरड्या नाल्याजवळ करिश्माचा हात थांबला. खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

सुकलू नाल्यात पडला होता. उतरताना दगड निसटला आणि त्याचा पाय मोडला. सकाळभर ओरडून ओरडून घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता. शेजारी टोपली उपडी पडली होती, पण तिच्यातलं एकही फूल शिल्लक नव्हतं. अस्वल येऊन सगळी फुलं खाऊन गेलं होतं. ते खात असताना सुकलू हाताच्या अंतरावर श्वास रोखून पडून होता.

त्याला पाणी पाजलं. बांबूला लुगडं बांधून झोळी केली. तो उचलू देईना. करिश्माकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, “माही माचिस दे.”

तिने माझं झाकण उघडून माचिस त्याच्या हातात दिली. त्याने ती पेटवली नाही. मुठीत घट्ट धरली.

“ही माह्याजवळ असती तं पाला पेटवला असता. धूर पाहून तुमी कवाच आले असते. ते अस्वल बी जवळ आलं नसतं. तुमी माह्या हातातून आग काढून घेतली अन् मले तसंच जाऊ देल्लं.”

“मामा, आज वारा पाहा कसा हाय,” धनराज म्हणाला. “पाला पेटला असता तर आमच्याआधी आगच तुमच्याजवळ पोचली असती. तुमाले उठता येत होतं का?”

“नसतं आलं उठता. गेलो असतो,” सुकलू म्हणाला. “पन मी येथी पडलो हे कोणाले ठाऊक होतं? सांग ना. कोणाले ठाऊक होतं?”

धनराजने झोळीचा बांबू खांद्यावर घेतला.  परतताना दसरूने मला काखेत धरलं होतं. वाट संपेपर्यंत मला त्या प्रश्नाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दोघांचंही खरं होतं आणि म्हणूनच मला चैन पडेना.

सुकलूला दवाखान्यात नेलं. पायाला प्लास्टर घालून तो घरी आला, तेव्हा जंगूभाऊंनी ग्रामसभा बोलावली. सुकलूला खाटेसकट आणलं. मलाही मध्ये ठेवलं होतं, चेपलेली, रंग उडालेली.

बुधरी उठली. ती सभेत कधी बोलत नसे. “हे पेटी फेकून द्या,” ती म्हणाली. “जंगल वाचलं पायजे, मी नाई म्हनत नाई. पन जंगलापायी माहा मानूस जाऊन राह्यला होता.”

“पेटी फेकली तं पुन्हा वणवा येईन, बाई,” जंगूभाऊ म्हणाले. “तवा काय करू?”

दोन्हीकडून आवाज चढले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्यांना माचिस नेऊ द्या. कोणी म्हणालं, मग तरण्यांनी काय पाप केलं? मला तर वाटलं, आज आपण भंगारात जाणार. तेव्हा करिश्मा बोलली. 

“नियम आपनच केला. त्यात मानसानं काय ठेवून जावं हे लिहिलं, पन तो मानूस परत आला का हे कोणी पाहावं, हे लिहायचंच राहून गेलं. मामाची माचिस पेटीत होती म्हनून मले समजलं. पन ते आपसूक झालं, बेत करून नाई. आजपासून पेटी रिकामी झाल्याशिवाय मी मांडवातून उठनार नाई.”

 बुधरी म्हणाली, “तू उठनार नाई ते ठीक. पन तिथं जंगलात पडलेल्या मानसाच्या हातात काय? त्याची वस्तू घेता, तं त्याले दुसरी कोनती तरी द्या ना.”

 काय द्यावं? घंटा? डबा? तेव्हा खाटेवरून घोगरा आवाज आला.

“शिट्टी द्या. पडल्या पडल्या बी वाजवता येते. अन् वाजवता वाजवता बिडीची याद बी येनार नाई.”

आधी बुधरी हसली, मग सगळी सभा.

तसं ठरलं, मित्रांनो. एकट्याने जंगलात जायचं नाही, माचिस टाकायची आणि शिट्टी घ्यायची. पुढच्या बाजारातून रंगीत शिट्ट्या आल्या. पहिल्या सकाळी लोकांनी त्या इतक्या वाजवल्या की झाडावरची माकडं पळून गेली आणि जंगूभाऊंना ओरडावं लागलं, “अरे, खेळायच्या नाई त्या!” आणि ओरडून झाल्यावर त्यांनी स्वतःच एकदा हळूच वाजवून पाहिली.

आता माझ्या पोटात अर्धा वेळ माचिशी असतात आणि अर्धा वेळ शिट्ट्या. सुकलूचा पाय पुरता सरळ झाला नाही. तो आता टेकडीपलीकडे जात नाही, मांडवात करिश्माशेजारी बसून पाला झाडायचे खराटे बांधतो. बिडी ओढावीशी वाटली की उठून घरी जातो, शिव्या देत जातो, पण जातो. वणवा पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही. मागच्याच उन्हाळ्यात दूरच्या टेकडीवर लाल रेघ दिसली आणि गावाला झोप आली नाही. माझा तळ आता गंजला आहे. दर पावसाळ्यात मला वाटतं, पुढच्या वर्षी माझ्या जागी प्लास्टिकचा डबा येईल. येऊ दे. त्यालाही कोणीतरी ओलं पोतं घालावं, इतकंच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जंगलात जाल, नदीकाठी मुक्काम कराल. तुम्हाला शेकोटीची हौस येईल. आधी विचारा, परवानगी आहे का ते बघा आणि नसेल तर रागावू नका. तुमची एक काडी संपते आणि जंगलाची कित्येक वर्षं संपतात. आणि कधी तुमच्यावर दुसऱ्यासाठी नियम करायची वेळ आली, तर या चेपलेल्या पेटीचं एक ऐका. कोणाच्या हातातली वस्तू ठेवून घेतलीत, तर त्याला रिकाम्या हाताने आत पाठवू नका. आणि तो परत आलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत जागेवरून उठू नका.